शिलेदार आणि सेनापती : कर्नल सी. के. नायडू

ज्याने शंकरपट पाहिला आहे त्याला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जोडीतला एक बैल वाऱ्यासारखा पळणारा आणि दुसरा मठ्ठ असला, की जू तिरपे होते आणि जोडी रेषेबाहेर जाते. उलट दोन्ही बैल सारखेच मठ्ठ असले तर जू सरळ राहते खरे. पण इनाम मात्र दुसऱ्याच्या घरी जाते! मग पट जिंकायचा कसा? चपळ बैलाला आवरून, की मठ्ठ बैलाला पळायला शिकवून?

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेत आमचा संघ हरला. त्या रात्री वसतिगृहात याच प्रश्नावर दोन तट पडले. आमच्या संघात एक अव्वल चढाईपटू आहे. संघाच्या निम्म्याहून अधिक गुण त्या दिवशी त्याने एकट्याने मिळविले होते आणि शेवटच्या चढाईत तोच पकडला गेला होता. एक तट म्हणत होता की त्याच्या हट्टामुळे सामना गेला. सगळा खेळ त्याने स्वतःभोवती फिरवला. दुसरा तट म्हणत होता की तो नसता तर आपण दुप्पट फरकाने हरलो असतो. मीही त्या संघात होतो आणि पहिल्या तटात मोठ्याने बोलत होतो. रात्री दीडपर्यंत वाद झाला आणि निकाल काही लागला नाही.

पुढे सुटीत ग्रंथालयात बसून क्रिकेटचा जुना इतिहास चाळत असताना ध्यानात आले की हा वाद आमच्या वसतिगृहात जन्मलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी तो याहूनही मोठ्या आवाजात झालेला आहे. त्या वादाच्या मध्यभागी जो माणूस उभा होता तो लांबचा नव्हे, आपल्या विदर्भाचाच, नागपूरला जन्मलेला. त्याचे नाव कोट्टारी कनकय्या नायडू. सारा देश त्यांना सी. के. या दोन अक्षरांनी ओळखत असे. आजच्या पिढीला ते बहुधा स्पर्धापरीक्षेतल्या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून माहीत असतात : भारताचे पहिले कसोटी कर्णधार कोण? पण त्या एका ओळीच्या उत्तरामागे जे आयुष्य आहे, त्यात आमच्या वादाच्या दोन्ही तटांना पुरावा सापडतो. म्हणूनच ते येथे सांगावेसे वाटले.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा. घराणे तेलुगू भाषिक, पण नागपुरात स्थिरावलेले. आजोबा नागपूरचे वकील. घरात इंग्रजी शिक्षण आले होते आणि त्या शिक्षणाबरोबर क्रिकेटही आले होते. मुलाचे शिक्षण नागपूरच्या हिस्लॉपमध्ये झाले. उंच, सडपातळ, ताठ कण्याचा हा मुलगा चेंडू जमिनीवरून ढकलण्यापेक्षा हवेतून भिरकावण्यात अधिक रमे. नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते आणि आपला यवतमाळ जिल्हा त्याच वऱ्हाडातला. क्रिकेटची खरी राजधानी मात्र मुंबई! मुंबईच्या मैदानावर नाव झाल्याशिवाय खेळाडूला कोणी खेळाडू मानत नसे.

१९१६ साली हा विशीतला नागपूरकर मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध उतरला. हिंदूंचे ७ गडी ७९ धावांत बाद झाले होते. अशा वेळी नवख्या माणसाने बॅट सरळ धरून वेळ काढावा, असे कोणीही सांगेल. नायडूंनी पहिले तीन चेंडू तसेच अडविले आणि चौथा षटकारासाठी सीमेपार धाडला. सबंध आयुष्याचा स्वभाव या चार चेंडूंत आहे. आधी चेंडू नीट पाहायचा, पण एकदा पाहून झाला की मग भ्यायचे नाही.

या हिंदू संघाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्या काळी संघ धर्मावर बनत. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे चार संघ आणि त्यांचे चौरंगी सामने. संघभावनेच्या गप्पा तेव्हाही होत. पण याच हिंदू संघाचा सर्वोत्तम गोलंदाज बाळू पालवणकर चर्मकार समाजात जन्मलेला होता. मैदानावर त्याचा चेंडू सर्वांना हवा असे; मात्र पुण्याला खेळत असताना चहाच्या वेळी त्याचा पेला वेगळा, बसायची जागा वेगळी. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याच्या वाट्याला कधी आले नाही. पुढे १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला आणि त्याच्या हाताखाली हिंदू संघ जिंकला. सारे दिवस एकत्र खेळून सायंकाळी वेगळ्या पेल्यातून चहा देणारे अकरा जण म्हणजे संघ काय? एखादा खेळाडू संघाला धरून राहत नाही, असा आरोप करण्यापूर्वी संघाने त्याला खरोखर आपल्यात घेतले आहे काय, हेही विचारावे लागते. हा धडा मला बाळू आणि विठ्ठल यांच्या गोष्टीतून मिळाला.

१९२३ हेच वर्ष नायडूंच्या आयुष्यालाही वळण देणारे ठरले. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावले आणि फौजेत अधिकाराची जागा दिली. क्रिकेट खेळून पोट भरत नसे. खेळाडूला एकतर घरची श्रीमंती लागे, नाहीतर एखाद्या संस्थानिकाचा आश्रय. नायडू नागपूर सोडून इंदूरला गेले आणि अखेरपर्यंत इंदूरचेच झाले. पुढे त्यांच्या नावामागे लागलेली कर्नल ही पदवी या होळकरांच्या फौजेतली.

मग आला १९२६ चा डिसेंबर. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ हिंदुस्थानात आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाशी त्यांची गाठ पडली. पाहुण्यांकडून गाय अर्ल याने आठ षटकार मारून १३० धावा केल्या. आता याहून अधिक काय पाहायचे, असे लोकांना वाटले असेल. दुसऱ्या दिवशी नायडू खेळायला आले आणि दोन तासांच्या आत त्यांनी १५३ धावा काढल्या. त्यांत षटकार अकरा! एक चेंडू तर जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. शहरात बातमी पसरली तशी माणसे कचेऱ्या सोडून मैदानाकडे धावली. जागा मिळाली नाही ते झाडांवर चढले. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

या एका खेळीने काय घडले? सामना तर अनिर्णित राहिला. पण परदेशी संघापुढे आपला माणूस मान खाली न घालता उभा राहू शकतो, एवढेच नव्हे तर त्याच्या गोलंदाजांना छपरावर पोहोचवू शकतो, हे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. गुलामीच्या काळात त्याचे मोल धावांत मोजता येत नाही. गिलिगन यांनाही खात्री पटली की हा देश कसोटी क्रिकेटला योग्य आहे. त्यांच्या प्रोत्साहनाने हालचाली सुरू झाल्या आणि १९२८ च्या डिसेंबरात भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. म्हणजे एका माणसाच्या खेळीतून एका देशाच्या संघाची वाट निघाली. संघच सर्व काही, खेळाडू काही नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

मात्र येथूनच दुसऱ्या बाजूचीही सुरुवात होते. नायडू आता तारा झाले होते. ते बाद झाले की निम्मे मैदान रिकामे होई, असे जुने लोक सांगत. पुढे १९४१ साली एका टॉनिकच्या जाहिरातीत त्यांचे नाव झळकले. एखाद्या भारतीय क्रिकेटपटूने मालाची जाहिरात करण्याचा तो पहिला प्रसंग मानतात. लोक सामना पाहायला येत नसत, नायडूंना पाहायला येत. उरलेल्या दहा जणांना हे कसे वाटत असेल?

१९३२ साली पहिला अधिकृत भारतीय कसोटी संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. त्या काळाचा समज असा की निरनिराळ्या धर्मांच्या, प्रांतांच्या खेळाडूंना एकत्र ठेवायचे तर वर राजाच हवा. सामान्य घरातल्या माणसाचे कोण ऐकणार? पण लॉर्ड्सवर खरोखरीची कसोटी आली तेव्हा महाराजांनी आपली पात्रता ओळखली आणि ते बाजूला झाले. लिंबडीकरांना दुखापत होती. २५ जून १९३२ रोजी नाणेफेकीला गेले ते नागपूरच्या वकिलाचे नातू, सी. के. नायडू.

हे सर्वांना रुचले असे नव्हे. राजाच्या हाताखाली खेळायला तयार असलेले काही खेळाडू आपल्यातल्याच एकाच्या हाताखाली खेळायला नाखूष होते. माणसाचा हा विचित्र स्वभाव आजही आपण पाहतो. दूरच्या मोठ्या माणसाला आपण सहज नमस्कार करतो, पण आपल्याच बाकावर बसणारा पुढे गेला तर पोटात दुखते. त्यात नायडूंचा स्वभावही शिस्तीचा, अबोल आणि काहीसा कठोर. चुकीला क्षमा नसे. त्यामुळे दुरावा वाढला. हा दोष सर्वस्वी दुसऱ्यांचा नव्हता, हे नायडूंच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

तरी त्या सकाळी लॉर्ड्सवर जे घडले ते विलक्षण होते. इंग्लंडच्या होम्स आणि सटक्लिफ या जोडीने दहाच दिवसांपूर्वी यॉर्कशायरसाठी ५५५ धावांची सलामी दिली होती. महंमद निसार यांनी दोघांचेही त्रिफळे उडविले. लालसिंग यांच्या चपळ क्षेत्ररक्षणाने वूली धावबाद झाला आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली! यात तारा कोण? गोलंदाज एक, क्षेत्ररक्षक दुसरा, डावपेच आखणारा तिसरा. झेल घेण्याच्या प्रयत्नात नायडूंच्या हाताला दुखापत झाली. त्या हाताने त्यांनी पहिल्या डावात ४० धावा केल्या आणि त्याच संघातल्या सर्वाधिक ठरल्या. दुसऱ्या डावात खालच्या क्रमांकावर आलेल्या अमरसिंग यांनी ५१ धावा काढून भारताचे पहिले कसोटी अर्धशतक नोंदविले. सामना भारताने १५८ धावांनी गमावला, पण मान गमावली नाही. त्या दौऱ्यात नायडूंनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १,६१८ धावा आणि ६५ बळी मिळविले. पुढल्या वर्षी विस्डेनच्या पाच मानकऱ्यांत त्यांचे नाव आले.

१९३३-३४ मध्ये जार्डिनचा इंग्लिश संघ भारतात आला तेव्हा नायडूच कर्णधार होते. मुंबईच्या पहिल्या कसोटीत तरुण लाला अमरनाथ यांनी ११८ धावा करून भारताचे पहिले कसोटी शतक झळकविले. दुसऱ्या टोकाला ६७ धावा काढून उभे होते नायडू. दोघांनी मिळून १८६ धावांची भागी केली. त्या दिवशी लोकांनी अमरनाथांना डोक्यावर घेतले. दुसऱ्याचा तारा उगवत असताना दुसऱ्या टोकाला खंबीरपणे उभे राहणे हेही मोठ्या खेळाडूचे काम असते. धावफलकावर त्याची वेगळी नोंद होत नाही, एवढेच.

यानंतर मात्र १९३६ चा इंग्लंड दौरा आला आणि आमच्या वसतिगृहातला सगळा वाद प्रत्यक्ष इतिहासात घडला! कर्णधारपद नायडूंकडून काढून विजयनगरमच्या महाराजकुमारांना देण्यात आले. पैसा आणि वजन त्यांच्याकडे होते. खेळ मात्र बेताचा. तीन कसोटींत मिळून त्यांच्या धावा झाल्या ३३. संघात गट पडले. एक कर्णधाराच्या कृपेतला आणि दुसरा नायडूंना मानणारा. दौऱ्यात उत्तम खेळत असलेल्या अमरनाथांना बेशिस्तीचा ठपका ठेवून पहिल्या कसोटीपूर्वीच बोटीने परत पाठविले गेले. विचार करा. त्या संघात नायडू होते, विजय मर्चंट होते, मुश्ताक अली होते, निसार आणि अमरसिंग ही जगात कोठेही शोभेल अशी वेगवान जोडी होती. मँचेस्टरला मर्चंट आणि मुश्ताक यांनी २०३ धावांची सलामी दिली, ती आजही आठवली जाते. तारे इतके, की आकाश उजळावे. तरी मालिका गेली, कारण आकाशाला एक दिशा नव्हती. ओव्हलच्या अखेरच्या कसोटीत नायडूंना ॲलनचा चेंडू अंगावर जोरात लागला, तरी ते खेळत राहिले आणि त्यांनी ८१ धावा काढल्या. तीच त्यांची शेवटची कसोटी. वय चाळीस उलटलेले.

सात कसोटी, ३५० धावा, २५ ची सरासरी, एकही शतक नाही. कोरड्या आकड्यांत पाहिले तर एवढ्यावर माणूस मोठा ठरत नाही. येथेच त्यांची गोष्ट संपली असती तर आमच्या पहिल्या तटाने टाळ्या वाजविल्या असत्या : पाहा, षटकार मारले, गर्दी जमविली, पण संघ कोठे उभा केला?

पण गोष्ट येथे संपत नाही. माझ्या मते तर ती येथेच सुरू होते. होळकर संघ १९४१-४२ पासून रणजी करंडकात उतरला आणि १९५४-५५ पर्यंत १४ हंगाम खेळला. त्यांत तो १० वेळा अंतिम फेरीत पोहोचला व ४ वेळा विजेता ठरला. या वाटचालीच्या बहुतेक काळात सूत्रे होती कर्नल नायडूंच्या हाती. मुंबईसारख्या शहरात शेकडो क्लब, मैदाने आणि स्पर्धा. इंदूर त्या मानाने लहान गाव! मग हे कसे झाले?

नायडूंनी माणसे हेरली. मुश्ताक अली इंदूरचेच. पोरवयातच त्यांच्यातला खेळाडू नायडूंनी ओळखला होता. चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, भांडारकर, हिरालाल गायकवाड, खंडू रांगणेकर आणि स्वतःचे धाकटे बंधू सी. एस. नायडू असे एकेक मोहरे जमले. धर्माचे, प्रांताचे कुंपण येथे नव्हते. मुंबईचे धर्मावर आधारलेले सामने १९४६ नंतर बंद पडले. इंदूरच्या संघात ते कुंपण आधीच मोडलेले होते. शिस्त मात्र लष्करी. वेळेवर यायचे, टापटीप कपड्यांत यायचे, लागले तरी चेहऱ्यावर वेदना दाखवायची नाही. ही शिस्त ते आधी स्वतः पाळत आणि मगच दुसऱ्याकडून मागत. पन्नाशी उलटलेला कर्णधार स्वतः उन्हात उभा असताना पंचविशीतला पोरगा सावलीत बसेल कसा?

खेळण्याच्या पद्धतीतही होळकर संघाची एक वेगळी ओळख होती. मुंबईची परंपरा मर्चंट यांच्या घडणीतली. खेळपट्टीवर मुक्काम ठोकायचा, विकेट फुकट द्यायची नाही, धावांचा डोंगर रचायचा आणि समोरच्याला त्याखाली दाबायचे. होळकरांची रीत आक्रमणाची. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात या दोन पद्धती समोरासमोर आल्या. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. दुसऱ्या डावात एकट्या मर्चंट यांच्या २७८. सी. एस. नायडूंनी त्या सामन्यात ९१७ चेंडू टाकले. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून अधिक चेंडू कोणी टाकल्याची नोंद नाही. होळकरांपुढे विजयासाठी ८६७ धावांचे अशक्य लक्ष्य होते. तरी ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. युद्धामुळे भारतात आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्यांच्याकडून खेळत होता, त्याने नाबाद २४९ धावा केल्या आणि संघ ४९२ पर्यंत पोहोचला. होळकर ३७४ धावांनी हरले. पण ज्या रीतीने हरले, त्यावरून पुढच्या वर्षी काय होणार हे दिसत होते.

पुढच्याच हंगामात, १९४५-४६ मध्ये, म्हैसूरविरुद्ध उपांत्य सामन्यात होळकरांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. त्या डावाचा फलक मी वहीत उतरवून घेतला आहे. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंग १००. एका डावात सहा शतके! प्रथम श्रेणी क्रिकेटच्या इतिहासात असे तोवर कधी झाले नव्हते. या यादीत नायडूंचे नाव चौथे आहे आणि त्यांची धावसंख्या सहा जणांत शेवटून दुसरी. तीही सरवट्यांच्या बरोबरीची. ज्या माणसाला पाहण्यासाठी वीस वर्षांपूर्वी लोक झाडांवर चढले होते, त्याचे शतक आता सहांतले एक झाले होते.

मला वाटते, मुंबईच्या त्या अकरा षटकारांपेक्षा हे एक शतक मोठे आहे. अकरा षटकारांनी एक माणूस उंच झाला. या डावात सहा माणसे त्याच्या उंचीला आली. आणि याचा अर्थ त्यांचे स्वतःचे तेज मावळले होते असाही नाही. त्याच हंगामात बडोद्याविरुद्ध अंतिम सामन्यात पन्नास वर्षांच्या नायडूंनी द्विशतक ठोकले आणि होळकर संघ प्रथमच विजेता झाला. गरज असेल तेव्हा एकट्याने ओढायचे आणि नसेल तेव्हा रांगेत चालायचे, हे ज्याला जमले तोच खरा सेनापती. शिलेदाराला फक्त आपला घोडा दिसतो. सेनापतीला सारी फौज दिसावी लागते.

त्यांच्या म्हातारपणाच्या कथा तर दंतकथेसारख्या. छप्पन्नाव्या वर्षी मुंबईच्या दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू तोंडावर लागून दात पडले, तरी ते मैदान सोडून गेले नाहीत, असे सांगतात. १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्या हंगामात एकसष्ट वर्षांचे नायडू उत्तर प्रदेशकडून रणजी सामने खेळत होते! १९६३ साली संरक्षण निधीसाठी झालेल्या सामन्यातही, अडुसष्टाव्या वर्षी, ते बॅट घेऊन उतरले. १९१६ ते १९६३ अशी ही कारकीर्द. ११,८२५ धावा, २६ शतके, ४११ बळी. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पन्नास वर्षांनी एक योग आला. रणजी करंडकात वर्षानुवर्षे तळाशी राहणारा आपला विदर्भ संघ २०१७-१८ मध्ये प्रथमच अंतिम फेरीत गेला. सामना होता इंदूरला, होळकर स्टेडियमवर; समोर बलाढ्य दिल्ली. कर्णधार फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. वसीम जाफर आणि उमेश यादव सोडले तर बाकीच्यांची नावे देशात फारशी कोणाला ठाऊक नव्हती. रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक काढले आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून विजेता झाला. पुढच्या वर्षी पुन्हा आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा विदर्भाने करंडक जिंकला. नागपूरहून जो मुलगा संघ घडवायला इंदूरला गेला होता, त्याचे ऋण त्याच्या मुलुखाने त्याच गावी जाऊन फेडले, असे मला वाटून गेले.

असो. आता वसतिगृहातल्या वादाकडे वळतो. तारा खेळाडू हवा की सांघिक खेळ, हा प्रश्नच मुळी आम्ही चुकीचा विचारला होता. नायडूंचे आयुष्य सांगते की ताऱ्याशिवाय वाट दिसत नाही आणि संघाशिवाय ती चालून होत नाही. १९३६ साली तारे होते, संघ नव्हता, मालिका गेली. १९४६ साली ताऱ्याने आपले तेज वाटून दिले, करंडक आला. म्हणून ताऱ्याला विचारायचा प्रश्न एकच : तुझ्यामुळे इतर किती जण उंच झाले? आणि इतरांना विचारायचा प्रश्नही एकच : त्याच्या तेजाने दिपून जाण्यापलीकडे तुम्ही स्वतः काय केले?

हा दुसरा प्रश्न मी स्वतःला विचारला, तेव्हा त्या रात्री न सांगितलेली एक गोष्ट आठवली. त्या सामन्यात डाव्या कोपऱ्यावर मी होतो. प्रतिस्पर्ध्याचा घोटा दोन वेळा माझ्या हातात आला आणि दोन्ही वेळा सुटला. आमचा चढाईपटू शेवटच्या चढाईला हट्टाने गेला नव्हता. आम्ही पकडीत गमावलेले गुण परत आणायला गेला होता. रात्री दीडपर्यंत मी त्याच्या हट्टावर बोललो, माझ्या सुटलेल्या हातावर एक अक्षर बोललो नाही. आणि तो बिचारा कोपऱ्यात बसून सगळे ऐकत होता.

यंदा सराव सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी मी त्याला हे सांगितले. तो हसला आणि मला रिंगणात ओढून घोट्याची पकड कशी घ्यायची ते दाखवू लागला. जू अजून पुरते सरळ झालेले नाही; पण दोन्ही खांद्यांवर आले आहे, हे काय थोडे आहे?